फारकत : दुकानाच्या वहीत बाईचं खातं कुठे?



या वेळी ना पापड-सांडगे, ना तपाची गोष्ट. या वेळी हिशेबाची गोष्ट आहे, आणि थोडी लांब आहे. दुपारचं काम आवरून निवांत वाचा.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नणंदेची मुलगी माहेरी परत आली. लग्नाला सतरा वर्षं झालेली. सासरचं दुकान मोठं, तालुक्याच्या बाजारपेठेत नाव असलेलं. दुकानाचं कॉम्प्युटरवरचं सगळं काम ती करायची. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा महिना-महिना रात्री जागून तिनेच सगळी बिलं बसवली. आणि आता गोष्ट घटस्फोटापर्यंत आली होती. आमच्याकडे पौडला चार दिवस राहायला आली, तेव्हा भाजी निवडता निवडता मला म्हणाली, "मामी, तू बी.कॉम. आहेस ना? मग सांग, त्या दुकानात माझं काय?"

मी पटकन म्हणाले, "असेलच गं काहीतरी. सतरा वर्षं काम केलंस."

पण रात्री झोप लागली नाही. काहीतरी म्हणजे नेमकं काय? लेजर, ताळेबंद, भागीदारीचा कायदा, सगळं मी कॉलेजात शिकले आणि मग चाळीस वर्षं आमच्या दुकानाच्या वह्या लिहिल्या. तरी या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. मग वाचायला लागले. कायदे वाचले, निकाल वाचले, जुना इतिहास वाचला. जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवते. (भाचीची परवानगी घेतली आहे. नाव-गाव मात्र लिहीत नाही.)

एकच शब्द, दोन अर्थ

सुरुवात एका शब्दापासून करते. फारकत. आज आपण नवरा-बायको वेगळे झाले की हा शब्द वापरतो. पण जुन्या व्यवहारात फारकत किंवा फारखत म्हणजे हिशेब चुकता झाल्याचा कागद. कर्ज फिटलं की सावकार लिहून द्यायचा, आता तुझ्याकडे माझं काही येणं नाही. भाऊ वेगळे झाले की एकमेकांना लिहून द्यायचे. म्हणजे शब्द मुळात आपल्या वहीतला. देणं-घेणं मोजून झाल्याशिवाय फारकत होत नाही, असं त्या शब्दातच आहे.

पण नवरा-बायकोच्या फारकतीत देणं-घेणं मोजलं जात होतं का?

खेड्यापाड्यांत बऱ्याच समाजांमध्ये काडीमोड होती. पंचांसमोर काडी मोडायची, लग्नाचा खर्च कोणी कोणाला द्यायचा ते पंच ठरवायचे, आणि बाईला पाट लावायची मोकळीक मिळायची. हे कमी प्रतीचं मानलं जायचं, पण निदान बसून मोजणी व्हायची. वरच्या म्हणवणाऱ्या जातींमध्ये आणि आपल्या व्यापारी समाजात लग्न मोडायचंच नाही, असा दंडक होता. मोडायचंच नाही म्हटल्यावर वाटणीचा प्रश्नच नाही. नवऱ्याने टाकलं तर बाई माहेरी बसायची, आणि फार तर अन्नवस्त्र मागायची.

घटस्फोटाचा कायदा आपल्याकडे टप्प्याटप्प्याने आला. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांतात तो १९४७ साली आला. मग १९५५ चा हिंदू विवाह कायदा साऱ्या देशासाठी आला. या कायद्याच्या दुसऱ्या कलमातच लिहिलं आहे की तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. हे मुद्दाम सांगते, कारण मध्यंतरी बराच गोंधळ झाला होता. २०१४ साली जैनांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्यावरून २०२५ च्या सुरुवातीला इंदूरच्या कुटुंब न्यायालयाने एका जैन जोडप्याला सांगितलं की हा कायदा आता तुमच्यासाठी नाही. मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. अल्पसंख्याक दर्जाने विवाह कायदा बदलत नाही, जैनांना १९५५ चाच कायदा लागू आहे.

विधवेला हिस्सा, सोडलेलीला पोटगी

आता मालमत्तेकडे येऊ. जैन बाईच्या हक्काबद्दल आपण अभिमानाने सांगतो, आणि त्याला आधारही आहे. १८७८ साली थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने जैनांची रूढी मान्य केली की विधवा नवऱ्याच्या परवानगीशिवाय दत्तक घेऊ शकते. बाकीच्या हिंदू विधवांना हे तेव्हा सगळीकडे शक्य नव्हतं. पुढे १९३७ साली डॉ. गोपाळराव देशमुखांच्या प्रयत्नाने हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा झाला आणि विधवेला मुलाइतका वाटा मिळाला, पण फक्त हयातीपुरता. १९५६ च्या वारसा कायद्याने तो कायमचा, पूर्ण मालकीचा केला.

हे वाचताना मी एका ठिकाणी थांबले. ह्या सगळ्या पायऱ्या विधवेच्या आहेत. नवरा वारला तर बायको त्याच्या मालमत्तेत मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीने वारस. पण तोच नवरा जिवंत असताना लग्न मोडलं, तर ती वारस नाही, भागीदार नाही, मालकीण नाही. तिला पोटगी, आणि ती किती ते कोर्टाने ठरवायचं. घर तेच, दुकान तेच, बाईने केलेलं कामही तेच.

१९५५ च्या कायद्यात घटस्फोटाच्या वेळी मालमत्तेबद्दल एक कलम आहे, २७ वं. लग्नाच्या वेळी किंवा त्याच्या आसपास मिळालेल्या आणि दोघांच्या सामाईक असलेल्या वस्तूंबद्दल कोर्ट आदेश देऊ शकतं. पुढे १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थोडं सैल केलं. वस्तू लग्नाआधी किंवा नंतर मिळाली असली, तरी तिचा संबंध लग्नाशी असेल तर ती या कलमात बसते. पण म्हणजे काय? आहेराची भांडी, कपाट, फ्रिज, दोघांना मिळून दिलेल्या वस्तू. लग्नानंतर वीस वर्षं दोघांनी मिळून वाढवलेलं दुकान यात बसत नाही. सासऱ्यांच्या नावावरचं घर बसत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने बाईला सामाईक घरात राहायचा हक्क दिला. तो हक्क फार मोलाचा आहे, पण तो राहण्याचा आहे, मालकीचा नाही.

ठेव आणि थापणमोसो

एक गोष्ट मात्र नक्की बाईची, आणि ती फार जुनी आहे. स्त्रीधन. आईवडिलांनी, भावाने, सासरच्यांनी तिला दिलेलं सोनंनाणं, कपडालत्ता, पैसा. स्मृतिकारांनी त्याचे प्रकार मोजून ठेवले आहेत. ज्या मिताक्षरेवरून आपल्याकडे शेकडो वर्षं वाटण्या होत आल्या, ती मराठी मुलखाला लागूनच असलेल्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणमध्ये, विज्ञानेश्वरांनी लिहिली. तिच्यातही स्त्रीधनाचा मोठा विचार आहे.

तरी दागिने सासूच्या कपाटात असतात. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे लुधियानाकडचा एक खटला आला, प्रतिभा राणी खटला म्हणून तो ओळखला जातो. सासरच्यांचं म्हणणं असं की बाई घरात नांदायला आली की सगळं एकत्रच होतं. कोर्टाने ते मान्य केलं नाही. स्त्रीधन सासरी ठेवायला दिलं म्हणजे ते सामाईक झालं नाही. ती ठेव आहे. मागितल्यावर परत दिली नाही तर तो फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो.

हे वाचलं आणि मला आपलं प्रतिक्रमण आठवलं. श्रावकाच्या दुसऱ्या व्रतात पाच मोठी असत्यं सांगितली आहेत. कन्येबद्दल खोटं, गाईबद्दल खोटं, जमिनीबद्दल खोटं, थापणमोसो म्हणजे कुणी विश्वासाने ठेवलेली ठेव नाकारणं, आणि खोटी साक्ष. आपण संवत्सरीला हे म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे कुणीतरी लबाड सावकार असतो. घरातलं कपाट कधी डोळ्यांपुढे येतं का? सुनेचे दागिने "आमच्याकडे नाहीतच" म्हणणाऱ्या घरात थापणमोसोपासून खोट्या साक्षीपर्यंत सगळं एका दमात होतं. कोर्टाने १९८५ साली जे सांगितलं, ते आपण लहानपणापासून पाठ म्हणत आलो आहोत.

माझ्या भाचीला दागिने परत मिळाले. कसे, ते ऐका. माझ्या नणंदेने लग्नात एका साध्या वहीत प्रत्येक दागिन्याचं वजन, सोनाराची पावती आणि कुणी दिला त्याचं नाव लिहून ठेवलं होतं. समुपदेशनाच्या वेळी ती वही टेबलावर ठेवल्यावर समोरच्यांना बोलायला जागाच उरली नाही.

पण दुकानाची अशी वही कुठे होती?

काम दिसतं, नाव दिसत नाही

इथे मला माझं बी.कॉम. आठवावं लागलं. आपली दुकानं साधारण तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार, एकट्याच्या नावावरचं. ते त्याचंच, बायकोचा त्यात हक्क नाही. दुसरा, एकत्र कुटुंबाचं. त्यात जन्माने हक्क मिळतो तो मुलाला, आणि आता मुलीलाही. महाराष्ट्राने १९९४ साली, केंद्राच्या अकरा वर्षं आधी, मुलींना हा हक्क दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५ च्या दुरुस्तीने ती अट गेली. सून मात्र सहदायाद नाही. बाप-मुलांत वाटणी झालीच तर आपल्याकडच्या पद्धतीने बापाच्या बायकोला एक वाटा मिळतो, पण "वाटणी करा" असं ती स्वतः म्हणू शकत नाही. तिसरा, भागीदारीचं. १९३२ चा भागीदारी कायदा इतका बारीक आहे की करारात काही लिहिलं नसेल तर नफा सारखा वाटायचा, आणि बाहेर पडलेल्या भागीदाराचा हिशेब केला नाही तर त्याला त्याच्या रकमेवर सहा टक्के व्याज किंवा नफ्यातला वाटा मागता येतो. बाहेर पडणाऱ्या भागीदाराची एवढी काळजी! पण हे सगळं ज्याचं नाव करारनाम्यात आहे त्याच्यासाठी.

माझ्या भाचीचं नाव कुठेच नव्हतं. दुकान सासरे, नवरा आणि दीर यांच्या भागीदारीत होतं. तिला पगार नव्हता, भांडवल खातं नव्हतं. सतरा वर्षांचं काम वहीतल्या प्रत्येक ओळीत होतं, पण वहीत तिच्या नावाचं एक पानसुद्धा नव्हतं.

यात एकट्या सासरच्यांचा दोष नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. करांची पद्धतही तशीच आहे. आयकर कायद्यात, नवऱ्याचा मोठा हिस्सा असलेल्या दुकानातून बायकोला पगार दिला तर तो नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात. तिच्या स्वतःच्या तांत्रिक किंवा व्यावसायिक शिक्षणातून, कौशल्यातून मिळवलेला असेल तरच सुटका. नवऱ्याने बायकोला फुकट दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्नही त्याच्याच अंगावर. सासू-सासऱ्यांनी सुनेला दिलं तरी तसंच. का? कारण पुरुषांनी बायकोच्या नावाचा उपयोग कर चुकवायला केला होता. मग आपले सी.ए. सांगतात, "वहिनींना पगार दाखवू नका, उपयोग नाही." सल्ला कराच्या दृष्टीने बरोबर असतो. पण त्याने बाईच्या कामाची शेवटची खूणही पुसली जाते. बायकोचं नाव आपण कर वाचवायला, कर्ज मिळवायला, व्रतातली परिग्रहाची मर्यादा पाळल्यासारखं दाखवायला वापरतो. तिच्यासाठी म्हणून क्वचितच.

सगळ्या वाटा बंद आहेत असंही नाही. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितलं की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करायची. "दुकान तोट्यात आहे हो," असं नुसतं तोंडाने सांगून आता भागत नाही. माझ्या भाचीला याचा उपयोग झाला. सामंजस्याने घटस्फोट झाला आणि एकरकमी रक्कम मिळाली. पण ती पोटगी म्हणून. "तुझा हिस्सा" असं त्या कागदात कुठेही लिहिलेलं नाही. सही करताना ती मला हळूच म्हणाली, "मामी, म्हणजे मी तिथे नोकरीलासुद्धा नव्हते."

कोकणाच्या खाली, गोव्यात

आता जरा गोव्यात जाऊ. तिथे बोलणं-चालणं, सणवार आपल्यासारखेच, पण लग्नाचा हिशेब वेगळा. पोर्तुगिजांचा १८६७ चा नागरी कायदा तिथे १८७० पासून लागू झाला, आणि १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावरही आपल्या सरकारने तो चालू ठेवला. लग्नाआधी दोघांनी वेगळा करार केला नसेल, तर लग्न झाल्याबरोबर दोघांची मालमत्ता एक होते. आधीची आणि नंतरची, दोन्ही. स्थावर विकायचं तर दोघांची संमती लागते. लग्न मोडलं तर अर्धं अर्धं. हे हिंदूंनाही लागू आहे.

मला सगळ्यांत नवल वाटलं ते आयकरातल्या एका कलमाचं. या पद्धतीत बसणाऱ्या जोडप्याचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे दुकानाचा नफा, घरभाडं, व्याज, नवरा आणि बायको यांच्यात अर्धं अर्धं विभागून धरतात आणि दोघांनी आपापल्या विवरणपत्रात दाखवायचं. म्हणजे म्हापशाच्या बाजारात दुकान नवरा चालवत असला, तरी निम्म्या नफ्यावर दर वर्षी बायकोचं नाव लागतं. देश तोच आणि आयकर खातंही तेच, पण तेरेखोलच्या अलीकडे बायकोचं नाव संशयाने बघितलं जातं आणि पलीकडे हक्काने.

गोव्यात सगळं गोड आहे असं मुळीच नाही. सामाईक मालमत्तेचा कारभार मुख्यतः नवऱ्याकडेच ठेवलेला आहे. बाईला माहेरून मिळालेलंही त्या सामाईकात जातं, आणि देणीही सामाईक होऊ शकतात. पण तिथे प्रश्न "दुकानात माझं काय?" असा नसतो. "माझं अर्धं कधी देता?" असा असतो.

आमच्या मुळशीला कागदाचं महत्त्व ठाऊक आहे

तुम्ही म्हणाल, गोव्याचा कायदा आपल्याला कुठला? बरोबर. म्हणून आता घराजवळ येते.

आमच्या मुळशीत कागदावरच्या नावाने काय होतं, हे शंभर वर्षांपूर्वीच कळलं आहे. टाटांच्या धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ साली रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे यांची नावं तुम्हाला माहीत आहेत. "जान किंवा जमीन" ही घोषणाही. पण त्या लढ्यात एक कडू गोष्ट होती. बऱ्याच जमिनी कसत होता मावळा, आणि कागदावर हक्क होता पुण्याच्या सावकाराचा. मोबदल्याची बोलणी सुरू झाली तेव्हा ज्याचा कागद त्याचं म्हणणं ऐकलं गेलं. घाम गाळणारा बांधावर उभा राहून बघत राहिला.

पुढे हिंजवडीला आयटी पार्क आलं, पिरंगुटला कारखाने आले, डोंगरात लवासा उभं राहिलं. जमिनीला सोन्याचा भाव आला. पुन्हा तेच. सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याची सही, आणि ज्याची सही त्याच्या खात्यात पैसे. भात लावणीला कंबर मोडेपर्यंत वाकणाऱ्या बायका त्या सह्यांच्या दिवशी चहा करत होत्या. मी स्वतः पाहिलं आहे.

सत्याग्रहातला मावळा आणि आजची सून, दोघांचं दुखणं एकच. श्रम खरे, पण कागद दुसऱ्याचा.

आपल्याच पुणे जिल्ह्यात, चाकणजवळच्या आंबेठाणला राहणारे शरद जोशी यांनी हे ओळखलं. चांदवड म्हटलं की आपल्याला नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम आठवतो. त्याच चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेने बायकांचं प्रचंड अधिवेशन भरवलं. पुढे 'लक्ष्मीमुक्ती' सुरू झाली. कर्जमुक्ती मागणाऱ्या शेतकऱ्याने आधी घरच्या लक्ष्मीचं ऋण फेडावं, असं जोशींचं सांगणं. नवऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. गावात शंभर घरांनी असं केलं की त्या गावाचा सन्मान. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर त्यात पुढे होतं. १९९२ साली सरकारनेही लक्ष्मीमुक्ती योजना काढली. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज केला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. २००३ साली गावातल्या घरांसाठी 'घर दोघांचे' आलं, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर दोघांची नावं.

लक्ष्मीमुक्तीत मला आवडलं ते हे की नाव लावायची वेळ भांडणाची नव्हती. संसार चांगला चालू असताना, गावासमोर, हसतखेळत नाव लागलं. दिल्लीत मात्र घोडं अडलं. घटस्फोटाच्या वेळी बायकोला नवऱ्याच्या स्थावरात वाटा द्यावा, असं विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं, लोकसभेत झालं नाही, आणि पुढच्या वर्षी बारगळलं. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटलं की घर सांभाळणाऱ्या बायकोमुळेच नवरा कमावू शकतो, म्हणून त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचा अर्धा वाटा. वाचून फार बरं वाटलं. पण तो एका उच्च न्यायालयाचा निकाल. माझ्या भाचीच्या हातात तो कायदा म्हणून आला नाही.

म्हणून मी या सगळ्यातून एवढंच शिकले. वाटणी घटस्फोटाच्या दिवशी होत नाही. ती कितीतरी वर्षं आधी, नाव लिहिताना किंवा न लिहिताना, होऊन गेलेली असते. कोर्टात फक्त ती वाचून दाखवतात.

आणि आमच्या घरात?

आता खरं अवघड सांगते. भाचीसाठी मी तावातावाने बोलत होते, आणि एक दिवस माझी थोरली सून दुकानाची जीएसटीची बिलं घेऊन बसलेली दिसली. तिचं नाव आमच्या करारनाम्यात कुठे होतं? हे, धाकटे दीर आणि दोन्ही मुलगे. बाकी कुणी नाही. भाचीच्या सासरला नावं ठेवायची, आणि आमची वही त्याच वळणाची!

गेल्या दिवाळीला वहीपूजनाच्या रात्री मी विषय काढला. हे एकदम म्हणाले, "लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ही भाषा? मुलांचे संसार सुखाचे आहेत."

मी म्हटलं, "सुखाचे आहेत म्हणूनच आज बोलते. तुम्ही माझ्या नावाने विम्याची पॉलिसी काढलीत, तेव्हा मरणाची भाषा केलीच होती ना?" ती पॉलिसी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखालची आहे. तिचे पैसे दुकानाच्या देणेकऱ्यांनाही नेता येत नाहीत. गंमत म्हणजे त्या कायद्याच्या दुसऱ्याच कलमात हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख आणि जैन बायकांना वगळलं होतं. आपल्या भागात विम्यापुरतं दार उघडलं ते १९२३ साली. नवरा मेल्यावरची सोय आपण शंभर वर्षांपूर्वी केली. तो जिवंत असतानाची अजून करायची आहे.

हे गप्प बसले. पण दुसऱ्या दिवशी सी.ए.कडे गेले. थोरलीने माहेरून मिळालेल्या ठेवीतून स्वतःचं भांडवल घातलं आणि एप्रिलपासून ती भागीदार झाली. भांडवल तिचं स्वतःचं असणं महत्त्वाचं, हे सी.ए.नी तीनदा सांगितलं. धाकटीच्या वडिलांनी मात्र विचारलं, "भागीदार म्हणजे दुकानाचं कर्जही माझ्या मुलीच्या अंगावर येणार का?" त्यांचं बरोबर आहे. भागीदारीत देणं हिश्श्यापुरतं राहत नाही, स्वतःच्या घरापर्यंत येऊ शकतं. धाकटी दुकानात येत नाही, ती घर आणि आम्हा म्हाताऱ्यांना सांभाळते. म्हणून तिच्यासाठी वेगळं ठरलं. धाकटा जो फ्लॅट घेतो आहे, तो दोघांच्या नावावर. दोघींचं माप एक नाही, पण कुणाचं पान कोरं नाही.

दागिन्यांची वहीही केली. दोघींच्या दोन वेगळ्या वह्या, वजन आणि पावत्यांसकट, त्यांच्याच ताब्यात.

हे सगळं झाल्यावर एका संध्याकाळी हे ग्रामपंचायतीतून आले आणि माझ्यापुढे एक कागद ठेवला. आमच्या पौडच्या घराचा नमुना ८. त्यांच्या नावाखाली माझं नाव लागलं होतं. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. मी काही बोलले नाही, चहा टाकला. पण कागद दोनदा वाचला, हे कबूल करते.

मैत्रिणींनो, मी वकील नाही. तुमच्या घरची गोष्ट वेगळी असेल, तर जाणत्या वकिलाला आणि सी.ए.ला विचारून पाऊल उचला. पण या आठवड्यात एवढं करा. दुकानाचा करारनामा, घराचा उतारा आणि दागिन्यांची यादी, तिन्ही कागद काढून बघा की कुणाची नावं आहेत. स्वतःचं नाव शोधा, आणि सासू असाल तर सुनेचंही.

लिहिताना कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं.

जय जिनेंद्र!